खडूची पेटी



पोरवयातील उत्साहाविषयी वडीलधाऱ्यांची मते बहुधा दोन टोकांची असतात. कोणी त्याचे अतोनात कौतुक करतात, तर कोणी ‘आधी अभ्यास कर, मग जगाची काळजी वाहा’ असे म्हणून त्यावर पाणी ओततात. मुलाने समाजाचे एखादे मोठे काम अंगावर घेतले असता त्याला या दोहोंहून निराळे काही हवे असते. ते काय, हे बाबर अलीच्या उदाहरणावरून कळून येते.

पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यातला हा मुलगा. तो स्वतः शाळेत जाई. परंतु गावातील कित्येक मुलांच्या नशिबी शाळा नव्हती. ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. २००२ साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्याने घराच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली आठ मुलांची शाळा मांडली. त्या आठांत त्याची धाकटी बहीणही होती. आपण शिकून यावे आणि दुपारी तेच इतरांना शिकवावे, असा क्रम सुरू झाला.

शिकवावयाचे तर खडू हवा. आपल्या शाळेतील खडूचे उरलेले तुकडे तो घरी आणू लागला. घरच्या भिंतींवर रेघोट्या ओढण्यासाठी हा खडू पळवितो, असा शिक्षकांचा प्रथम समज झाला. खरा प्रकार कळताच मात्र त्यांनी त्याला दर आठवड्यास खडूची एक पेटी देण्यास आरंभ केला.

साहाय्याचे मर्म या पेटीत आहे. शिक्षकांनी शाळा आपल्या ताब्यात घेतली नाही. मुलाजवळ जे नव्हते तेवढेच दिले, आणि ते नेमाने दिले. २००९ पर्यंत, म्हणजे बाबर सोळा वर्षांचा होईतो, शाळेतील मुलांची संख्या सुमारे आठशेवर गेली. २०१५ मध्ये शाळा अंगणातून इमारतीत गेली. आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण पुढे तेथेच शिक्षक झाले. बाबरने स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षणही सोडले नाही.

हे शेवटचे वाक्य आईबापांनी विशेष ध्यानात घ्यावे. मोठे काम मुलाची झोप आणि परीक्षा गिळून टाकील, ही त्यांची भीती अनाठायी नसते. म्हणून अभ्यासाचे तास आधी ठरवून घ्यावेत. पैशांचा हिशेब, परवानगीचे अर्ज, परगावचा प्रवास, ही जोखमीची कामे वडीलधाऱ्यांनी पाहावीत. कामाची दिशा मात्र मुलाच्या हाती राहू द्यावी. त्यात तो चुकला तरी चुकू द्यावे. ओझे असह्य झाले, तर ते कमी करण्याचा निर्णयही त्याच्याशी बोलूनच घ्यावा.

उद्या घरातील मुलगी मोहल्ल्यासाठी वाचनालय काढावयास निघाली, तर ‘हे तुला झेपणार का?’ असे विचारण्यापूर्वी ‘तुला काय कमी पडते आहे?’ असे विचारावे. कदाचित ती एखादे कपाटच मागेल.