पहिला गुरू



शरीर शिकण्यासाठी मृतदेह मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा, असे सुश्रुताने सांगितले आहे. तो देह कसा असावा, हेही सांगितले आहे. कोणाचा, हा प्रश्न तेथे नाही.

प्रथम वर्षात मलाही तो पडला नाही. आमच्या मेजावरील वृद्धाला आम्ही टोपणनाव ठेवले होते आणि त्यावर हसत होतो. (फॉर्मॅलिनने डोळे झोंबत, ते पुसायला निमित्त होतेच.) पुढे अध्यापक झालो आणि नोंदवहीत नावाच्या जागी एकच शब्द पुनःपुन्हा वाचला : ‘बेवारस’. मुंबई प्रांतातील १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने असे देह महाविद्यालयांना मिळू लागले. आपले बेळगाव तेव्हा त्याच प्रांतात होते. म्हणजे ज्यांना आपण देहदाते समजून वंदन करतो, त्यांतील कित्येकांनी काही दिलेलेच नसते. आपण घेतलेले असते.

‘शव हा आपला पहिला गुरू’ हा पाठ २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात आला, हे उत्तम झाले. मी मात्र वंदनापूर्वी ती नोंदवही विद्यार्थ्यांपुढे उघडून ठेवीत असे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यांना कोणी विचारले होते का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या दिवशी विच्छेदन बऱ्याच उशिरा सुरू झाले.