ताई, तुमची मुलगी कुठल्या शाळेत?

(वस्तीतल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मुलांना ट्रस्टच्या, मिशनच्या शाळेत घालावं की महापालिकेच्या, यावर बोल असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. कारण या विषयात मी स्वतः एकदा पकडली गेले आहे. तिथूनच सुरुवात करते.

२०१९ सालची गोष्ट. बचत गटाच्या बैठकीत मी महापालिकेच्या शाळेतल्या गळतीबद्दल बोलत होते. मुलींची नावं घाला, शाळा आपल्याच पैशावर चालते, वगैरे. आपल्यातली एक भाजी विकणारी मैत्रीण मागे बसून गवार मोडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, तुमची मुलगी कुठल्या शाळेत घालणार?"

माझ्या पर्समध्ये त्या क्षणी एका देवस्थानाच्या ट्रस्टच्या इंग्रजी शाळेचा फॉर्म होता. सकाळीच रांगेत उभी राहून आणलेला. मी म्हटलं, "बघू, अजून ठरलं नाही." तिला काय कळायचं ते कळलं.

त्या फॉर्ममागे घरातल्या किती जणांचं म्हणणं होतं! सासूबाईंना वाटत होतं, तिथं चांगले संस्कार होतील, श्लोक-स्तोत्रं येतील. नवऱ्याला इंग्रजी हवं होतं. आणि मला? खरं सांगते, मला भीती होती. एमएसडब्ल्यू करताना समान शिक्षणावर मी पानंच्या पानं लिहिली होती, पण आपल्या मुलीच्या शेजारी बाकावर कोण बसेल, याचा विचार माझ्याही मनात आला. ही जात-वर्गाची भीती आपण 'संस्कार' आणि 'वातावरण' या शब्दांत गुंडाळतो.

फॉर्म भरायला बसले तर वडिलांची सही, वडिलांचं उत्पन्न, वडिलांचा व्यवसाय. आईसाठी एक ओळ. आई ही सुद्धा मुलाची नैसर्गिक पालक आहे, हे गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९९ साली मान्य केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव वडिलांच्या नावाच्या आधी लावायचं, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. पण नाव लागणं वेगळं आणि निर्णयात हात असणं वेगळं. अभ्यास घ्यायचा आईनं, डबा करायचा आईनं, सभेला जायचं आईनं. शाळा ठरवायची मात्र इतरांनी.

आता त्या भाजीवाल्या मैत्रिणीकडे वळते. तिचा मुलगा नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये, मुलगी महापालिकेच्या शाळेत. फी एकाचीच परवडत होती, आणि ती कुणाची भरायची हे नवऱ्यानं विचारलंसुद्धा नाही. हे आपल्या प्रत्येक वस्तीत दिसतं. म्हणजे 'खासगी की सरकारी' हा प्रश्न अनेक घरांत 'मुलगा की मुलगी' असाच सुटलेला असतो. माझं पहिलं म्हणणं हे की, शाळा कोणतीही निवडा, पण भावाला एक आणि बहिणीला एक, असं करू नका.

धर्माच्या शाळांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. आपल्या एका मुस्लिम मैत्रिणीनं मुलीला समाजाच्या ट्रस्टच्या मुलींच्या शाळेत घातलं. तिथं नसती घातली तर सातवीनंतर भावांनी तिला घरी बसवलं असतं. मिशनच्या शाळांनीही इथल्या कितीतरी मुलींना पहिल्यांदा पाटी दिली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण धर्म आणि मुलींची शाळा हा वाद जुना आहे, आणि त्यात मुलींना कुणी विचारत नाही, हेही जुनंच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला आलं. तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठलं. १८९३ साली सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं आणि नातलगांनी अनेक मुली काढून नेल्या. त्यात बालविधवाही होत्या. घरी परत जाऊन त्यांच्या वाट्याला काय येणार, याची चर्चा फार थोड्यांनी केली. त्याच पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली होती, ती जात-धर्माची अट न घालता.

म्हणून प्रवेश घेण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. प्रार्थना, पूजा, धर्मशिक्षण सक्तीचं आहे का? संविधानाच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. पालक म्हणजे तुम्हीही.

दुसरं, तिथं २५ टक्के राखीव जागा आहेत का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यानुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात या जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दिला. त्याचा फेरविचार व्हावा, असं २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं. राज्य सरकारनंही २०२४ साली नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती त्याच वर्षी रद्द केली. पालक कोर्टात गेले म्हणून हे झालं.

तिसरं, मुलींचं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा. पाणी आहे का, आतून कडी लागते का. पत्रकातल्या फोटोंपेक्षा त्यातून जास्त कळतं.

मी हे सगळं केलं आणि मुलीचं नाव महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं. सासूबाई महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. सगळं छान झालं, असंही सांगणार नाही. एका वर्षी सहा महिने गणिताला शिक्षक नव्हते. तेव्हा रात्री झोप लागत नसे; आपल्या तत्त्वांची किंमत मुलगी मोजते आहे का, असं वाटे.

पण त्या शाळेत एक दार होतं, जे ट्रस्टच्या शाळेत मला सापडलं नव्हतं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असं कायदाच सांगतो. आमच्या शाळेत ही समिती सह्यांपुरती होती. मी आणि ती भाजीवाली मैत्रीण, दोघी समितीत गेलो. शिक्षकासाठी अर्ज, मग पुन्हा अर्ज, मग वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या. बोलायची ती. "साहेब, माझ्या पोरीला वजनकाटा कळतो, गणितही कळेल, तुम्ही माणूस तर पाठवा!" शिक्षक आले. स्वच्छतागृहाला कडी लागली ती त्यानंतर वर्षानं.

मी ट्रस्टच्या शाळेत गेले असते तर माझ्या मुलीला गणित मिळालं असतं, त्या वर्गातल्या बाकीच्यांना नाही. ज्या शाळेतून बोलू शकणारे पालक निघून जातात, ती शाळा कुणासाठी सुधारायची?

तुम्ही माझ्यासारखंच करा, असं मी म्हणणार नाही. घरी मार खाणाऱ्या, एकटीनं मुलं वाढवणाऱ्या बाईला होस्टेल असलेली मिशनची शाळा जवळची वाटत असेल, तर तिनं खुशाल जावं. तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण ज्यांना निवडायची मुभा आहे, त्यांनी एकदा जवळच्या महापालिकेच्या शाळेच्या आत जाऊन यावं आणि मग ठरवावं. समितीची पुढची निवड होईल तेव्हा नाव द्यावं. एकटीनं जाऊ नका, दोघी जा.

आणि कुणी कार्यकर्ती तुम्हाला शाळेबद्दल उपदेश करायला आली, तर तिला तो प्रश्न नक्की विचारा. मला विचारला, त्याचा मला उपयोगच झाला.