स्वस्त संगणक आणि नवा माणूस



आपल्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी त्यांना स्वच्छ सांगितले, की मी काही शिकलेला माणूस नव्हे. आठवीत शाळा सुटली आणि मी जिनिंगमध्ये कामाला लागलो. पुढे जे थोडेफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत. दुसऱ्यांनी वाचून टाकलेली वर्तमानपत्रे आणि कामगार कायद्याची फाटकी पुस्तके हेच माझे कॉलेज. तेव्हा विषय असा द्या की मला अनुभवावर बोलता येईल. यावर त्यांनी विषय दिला तो हा: ‘स्वस्त आणि आटोपशीर संगणक नवे लोक आपलेसे करू शकेल काय?’ मी थोडा चकितच झालो. कारण संगणकाशी माझा पहिला संबंध आला तो त्याच्याविरुद्ध घोषणा देण्याच्या निमित्ताने. परंतु विचार करता वाटले, की यंत्र आणि माणूस यांचे नाते हा तर आमच्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. तेव्हा बोलावयास हरकत नाही.

प्रथम, आपण कोणत्या यंत्राविषयी बोलत आहोत ते ठरवू. टेबलावरचा संगणक म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कचेरीतला जुना सरंजाम उभा राहतो: टेबलाखाली लोखंडी पेटी, वर पोट सुटलेला पडदा आणि मागे वायरींचा गुंता. त्या सगळ्याला मिळून दीड-दोनशे वॅट वीज सहज लागे. आता ती पेटी जाड पुस्तकाएवढी झाली आहे. पडदा पातळ झाला आहे. दोन्ही मिळून पन्नास वॅटच्या आत काम भागते. म्हणजे वीज गेली तरी घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालते. कचेऱ्यांतून निघालेले, वापरलेले असे यंत्र दहा-बारा हजारांत मिळू शकते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हा फायदा थोडा नाही.

आता माझी कबुली. मी चळवळीत आलो तेव्हा ‘संगणक म्हणजे बेकारी’ असे आम्ही भिंतींवर लिहीत होतो. त्या विरोधाला इतिहास होता. १९६० नंतरच्या काळात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी यंत्र इमारतीत येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारे केले. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी करार केला आणि यंत्रे किती व कोणत्या कामाला आणावयाची हे वाटाघाटीने ठरले. मला आजही वाटते, की त्या लोकांची भीती खोटी नव्हती. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की हे यंत्र कोणाचे काम करणार? मालकाचे की आमचे? माझ्या आजच्या भाषणात मी तोच प्रश्न धरून चालणार आहे, कारण स्वस्ताईच्या गोष्टीचे उत्तरही मला त्याच प्रश्नात सापडले.

संगणक स्वस्त करून लोकांपर्यंत नेण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. २००५ साली जानेवारीत अमेरिकेतल्या ॲपल कंपनीने मॅक मिनी नावाची लहानशी चौकोनी पेटी ४९९ डॉलरला काढली. पडदा, कळफलक आणि माउस ज्याचा त्याने आणावा, म्हणजे जुन्या यंत्राचा मालक थोडक्या खर्चात आमच्याकडे येईल, असा तो हिशेब. त्याच वर्षी आपल्या देशात एचसीएल कंपनीने ९,९९० रुपयांचा संगणक बाजारात आणला. दहा हजारांची वेस ओलांडली, आता घरोघरी संगणक, असे तेव्हा बोलले गेले. मग बारा वर्षांनी काय दिसले? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतल्या शंभर घरांपैकी २३ घरांत संगणक सापडला आणि खेड्यांतल्या शंभरांपैकी जेमतेम चार घरांत.

२०११ साली ऑक्टोबरात दिल्लीला ‘आकाश’ नावाचे पाटीवजा यंत्र मोठ्या समारंभाने निघाले. सरकारी खरेदीची किंमत सुमारे २,२५० रुपये. इतके स्वस्त यंत्र जगात नाही, असा गाजावाजा झाला. परंतु ते मंद चालते, बोटाला दाद देत नाही, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी आल्या आणि थोड्याच वर्षांत त्याचे नावही कोणी काढीनासे झाले. गरिबासाठी म्हणून काढलेली वस्तू कच्ची असली तर तिचा सगळ्यात मोठा तोटा असा, की गरीब माणूस यंत्राला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून तो उठून जातो आणि पुन्हा येत नाही.

चांगल्या मालाचेही उदाहरण पाहा. इंग्लंडात केंब्रिजला एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या पानाएवढा संगणक काढला. किंमत ३५ डॉलर. मुलांनी यंत्राचे अंतरंग शिकावे हा त्यांचा हेतू. यंत्र उत्तम निघाले आणि कोट्यवधींनी खपले. परंतु त्यातला फार मोठा वाटा कारखान्यांनी आणि आधीच जाणत्या असलेल्या हौशी लोकांनी उचलला. यात कोणाचा दोष नाही. स्वस्त वस्तू प्रथम कोण उचलतो? जो तिचा उपयोग जाणतो तो. नवखा माणूस दारातच उभा राहतो, कारण त्याची अडचण नुसती पैशाची नसतेच.

मग ती कशाची असते? आपल्या महाराष्ट्रातलाच दाखला घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला १९९८ साली सहकारी कारखान्याच्या परिसरातल्या सुमारे सत्तर गावांसाठी संगणकांची मोठी योजना निघाली. गावोगाव केंद्रे उघडली. बाजारभाव, पिकांची माहिती, जगाचे ज्ञान शेतकऱ्याच्या दारी येईल, असे स्वप्न होते. अनुभव काय आला? शेतकरी केंद्रावर आला तो ऊस किती भरला, तोडीचा परवाना केव्हा, खत किती उचलले, बिल किती झाले, हे पाहण्यासाठी. बाकीचे स्वप्न बाजूला राहिले. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देऊन पाहिली, आणि ती अधिक स्वस्तात, घरबसल्या मिळू लागली.

कोणी म्हणेल, पाहा, संगणक हरला. मी तसे म्हणत नाही. मला त्यात दुसरेच दिसते. शेतकऱ्याने यंत्र नाकारले नाही. त्याने त्यातून आपल्या कामाचे तेवढे निवडून घेतले. ऊस त्याचा, वजन त्याचे, पैसा त्याचा. म्हणून तो आला.

दुसरा दाखला तुम्हा सर्वांच्या घरातला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली निघाले आणि एमएस-सीआयटीचा वर्ग पुढच्या वर्षी सुरू झाला. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. पुष्कळांनी तो नोकरीच्या अटीसाठी केला हे खरे. प्रमाणपत्र भिंतीला लागले आणि विद्या विसरली, असेही झाले. परंतु ज्या काळात यंत्र महाग होते त्या काळात ताल्याताल्याला, तालुक्याच्या बाजारपेठेत, दुकानाच्या माडीवर माणसे यंत्रापुढे बसली. का बसली? शेजारी शिकवणारा होता, भाषा मराठी होती आणि पुढे काही मिळण्याची आशा होती. यंत्र त्यांच्या मालकीचे नव्हते, तरी चालले.

आता आमच्या युनियनच्या कचेरीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून असाच एक वापरलेला, पुस्तकाएवढ्या पेटीचा संगणक पडद्यासकट बारा हजारांना घेतला. नारळ फोडला, पेढे वाटले. आणि मग चार महिने तो फडक्याखाली झाकून राहिला! सभासद येत, लांबून पाहत, फडके सारखे करीत आणि जात. मी स्वतः सरकारी अधिकाऱ्यांसमोर कधी डरलो नाही, पण तो माउस हातात धरताना माझा हात कापत असे. बिघडला तर बारा हजार गेले, ही एकच धास्ती.

आमच्या एका सभासदाची मुलगी ग्रामपंचायतीत संगणक चालवण्याचे काम करीत असे. ती एके दिवशी आली आणि फडके काढून म्हणाली, “काका, हे असं बिघडत नाही. अडलंच तर बंद करायचं आन् पुन्हा चालू करायचं.” चळवळीत तीस वर्षे काढली, पण इतके धीराचे वाक्य मी क्वचित ऐकले.

त्याच आठवड्यात ठेकेदाराकडे सफाईचे काम करणारी एक बाई आली. तिचा प्रश्न भविष्यनिर्वाह निधीचा. पगारातून शंभराला बारा रुपये कापले जात, पण ते जमा होतात की नाही हे तिला ठाऊक नव्हते. २०१४ पासून प्रत्येक कामगाराला या निधीचा कायमचा एक क्रमांक मिळतो आणि त्यावरून आपले खाते आपल्याला पाहता येते. मुलीने खाते उघडून दिले. अक्षरे इंग्रजी होती, पण आकडे तर आकडेच. बाईने पदराच्या गाठीतून पगाराच्या चिठ्ठ्या काढल्या आणि पडद्यावर बोट ठेवून एक एक महिना मोजला. चिठ्ठ्या चौदा महिन्यांच्या, जमा नऊच महिन्यांची. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ताई, हे पान मले कागदावर काढून दे. भाऊ, अर्ज आजच लिहा.”

दुसऱ्या दिवशी तिने आणखी सहा बाया आणल्या. त्यांतल्या दोघी आज मराठीत अर्ज स्वतः टंकतात. एक एक अक्षर शोधून, पण स्वतः. त्या पाच महिन्यांचे पैसे भरून घ्यायला आम्हाला पुढे सात महिने भांडावे लागले, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवसापासून यंत्रावर फडके पडले नाही.

तेव्हा कोणी विचारील, की हे मोबाइलवर होत नाही काय? होते. देशातल्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक घरांत मोबाइल पोचला आहे आणि वारणेचा धडा मी आताच सांगितला. खाते पाहावयास, निरोप धाडावयास मोबाइल पुरेसा आहे. परंतु चार पानी निवेदन लिहावयाचे, दोनशे मजुरांच्या हजेरीचा हिशेब मांडावयाचा, सात जणींनी एकत्र बसून एकच कागद तपासावयाचा, तर टेबल, मोठा पडदा आणि कळफलक लागतो. मोबाइल एकट्याचा असतो. टेबलावरचे यंत्र चौघांत बसून वापरता येते, आणि नवखा माणूस चौघांत लवकर शिकतो. एकट्याला चुकण्याची लाज वाटते.

म्हणून विषयाचे माझे उत्तर असे: स्वस्त संगणक घरोघरी जाईल, असे मला वाटत नाही. पण वाचनालयात, शाळेत, संघटनेच्या कचेरीत तो नवे लोक नक्की मिळवील. मात्र तीन अटींवर. तिथे माणसाचे स्वतःचे काही काम निघाले पाहिजे. त्याच्या भाषेत ते झाले पाहिजे. आणि शेजारी समजावून सांगणारा माणूस पाहिजे.

या तिसऱ्या अटीवर मी थोडे जास्त बोलणार, कारण माझा धंदाच तो आहे. आपण यंत्राची किंमत खाली आणली, आणि तो चालवणाऱ्या माणसाचीही आणली. २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतींतून संगणक आले. दाखले, उतारे, नोंदी ज्या मुलामुलींनी केल्या त्या संगणक परिचालकांना, आम्हाला कर्मचारी म्हणा, किमान वेतन द्या, एवढ्यासाठी मुंबईला आझाद मैदानावर आणि नागपूरला अधिवेशनाच्या वेळी पुन्हा पुन्हा बसावे लागले. २०२१ साली अंगणवाडी सेविकांनी मिळालेले मोबाइल परत केले, तेही तुम्हाला आठवत असेल. यंत्र फुकट होते! पण ते तापत होते, बंद पडत होते, दुरुस्तीचा भुर्दंड बाईवर येत होता, आणि माहिती इंग्रजीतून भरावयाची होती. अडाणीपणाने त्यांनी ते परत केले नाहीत. काम कोणाचे आणि खर्च कोणाचा, हा हिशेब त्यांना बरोबर कळला होता.

आमच्या कचेरीत ज्या मुलीने फडके काढले ती पुढे ते काम सोडून पुण्याला एका दुकानात लागली. पगार वेळेवर मिळेना, काय करील? तिच्या गावच्या ग्रामपंचायतीतले यंत्र तसेच आहे. मी गेल्या महिन्यात पाहून आलो. त्याच्यावर फडके आहे.

आपल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, असे भाविक श्रद्धेने सांगतात आणि लांबून लोक दर्शनाला येतात. देवाला ते शोभते. यंत्राला खाली टेकू लागतो. उद्या या गावच्या कोणी संस्थेने असे चार संगणक घ्यावयाचे ठरवले, तर माझी विनंती आहे, की चारांऐवजी तीनच घ्या, आणि चौथ्याचे पैसे संध्याकाळी दोन तास बसून शिकवणाऱ्या गावच्याच एखाद्या मुलीच्या मानधनाला बाजूला ठेवा. ते पैसे संपतील तेव्हा पुन्हा वर्गणी काढा. त्या वर्गणीत पहिली पावती माझ्या नावाची फाडा.