फवारणीचे कपडे धुतं कोण?

(धाराशिव जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर तासभर बोलणं झालं. आता जरा घरात शिरू.

गडी औषध मारून येतो, भिजलेले कपडे मोरीत टाकतो. ते धुतं कोण? घरातली सून. सहावा महिना असला तरी तीच. पंपासाठी हौदावरून पाणी आणणारी तीच. ज्वारीच्या पोत्यांत गोळ्या ठेवल्या त्या खोलीत ती निजते आणि संध्याकाळी पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापते.

आम्ही कृषीची पदवी घेतली. पंपाला औषध किती, एकरी पाणी किती, सगळं तोंडपाठ. बोंडअळीवर काय मारायचं ते गावोगाव सांगत हिंडलो. पण घरात पोटुशी बाई आहे का, हे एकदाही विचारलं नाही. चूक आमची, तुमच्यापुढं कबूल करतो.

पोटातल्या लेकराच्या श्वासनळीच्या फांद्या चौथ्या महिन्यापर्यंत फुटून होतात. हवेचे बारीक फुगे शेवटच्या महिन्यांत धरू लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतात. ज्वारी पोटरीत असताना ताण बसला तर कणसाचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात भाजीपाल्याच्या मळ्यांत मेक्सिकोकडचे मजूर राबतात. बर्कलेच्या विद्यापीठानं १९९९-२००० साली तिथल्या गरोदर बायांची लघवी तपासली आणि पुढं त्यांच्या लेकरांचीही. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ज्या गटातली, त्या गटाच्या औषधांचा अंश शोधला. २०१५ साली निष्कर्ष छापले. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईच्या अंगात अंश जास्त, तिथं पाच-सात वर्षांच्या लेकरांत खोकला, छातीत घरघर जास्त. लेकराच्या स्वतःच्या अंगातला अंश वाढला की संबंध आणखी ठळक. एवढ्यानं कारण सिद्ध झालं असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, आम्हीही म्हणणार नाही. पण सिद्ध होईपर्यंत सुनेनं कपडे धुवायचे का?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. बातम्या आल्या त्या फवारणाऱ्यांच्या. त्यांचे कपडे धुणाऱ्या बाया कुठं दिसल्या नाहीत. मोनोक्रोटोफॉसवर केंद्रानं २०२३ साली बंदीचा आदेश काढला, तरी त्याच गटातली दुसरी औषधं दुकानात आहेतच.

डब्यावर त्रिकोण असतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग ठरतो किती औषधानं उंदीर मरतो त्यावरून. पोटातल्या लेकराचा हिशेब त्यात नाही. त्यामुळं हिरवा दिसला म्हणून गरोदर बाईला पंपाजवळ उभी करू नका.

धान्याच्या गोळ्यांचं तर वेगळंच. ओलावा लागला की त्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत त्यानं झोपलेलं घरच्या घर दगावतं. गोळी ठेवली त्या घरात कुणीच निजू नये, गरोदर असो वा नसो.

मागं एका बैठकीत एका बहिणीनं विचारलं, "मग कपडे धुवायचे कुणी?" आम्ही म्हणालो, ज्यानं फवारलं त्यानं, वेगळ्या बादलीत, घरच्या कपड्यांत न मिसळता. पुरुष हसले. एक म्हातारे मात्र हसले नाहीत. त्यांचा नातू दम्यानं रात्र रात्र उठून बसतो. त्यांनी बादली कुठं ठेवायची तेवढं विचारलं. आम्ही सांगितलं, गोठ्याच्या मागं, विहिरीपासून लांब.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपण मारलेल्या औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी आणावी. नुसती चिठ्ठी, डबा नको.