जोडणी आणि लिपी
(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली वनस्पती तेलाचा एक उद्योग स्थापन झाला. त्याचेच पुढे विप्रो झाले आणि मुख्यालय बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर उभे राहिले. त्या रस्त्याच्या परिसरात आज नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबे राहतात. घरात टॅबलेट आहे, बिनतारी कळफलक आहे. परंतु नातवंड गावच्या आजीला जो निरोप पाठवते, तो पुष्कळदा रोमन लिपीत असतो. आजीला मराठी उत्तम वाचता येते. रोमन अक्षरे मात्र अडतात. उपकरणे जोडली गेली, निरोप अर्ध्या वाटेवर राहिला.

बिनतारी कळफलक जोडणे अवघड नाही. टॅबलेटवर ब्लूटूथ सुरू करावे, कळफलक जोडणीच्या स्थितीत ठेवावा आणि यादीतून त्याचे नाव निवडावे. पडद्यावर आकडे दिसले, तर तेच कळफलकावर उमटवावेत. अशी ओळख पटली की दोन्ही उपकरणे एक गुप्त किल्ली जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी आपोआप जोडली जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कळफलक अक्षर पाठवीत नाही. कोणती कळ दाबली, तिचा केवळ क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे टॅबलेट ठरवितो. म्हणून मराठीसाठी निराळा कळफलक विकत घ्यावा लागत नाही. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये उपलब्ध असलेली मराठी मांडणी निवडावी लागते. भारतीय लिपींसाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने असतात. ज्या कळीवर मराठीचा ‘क’, तिच्यावरच कन्नडचाही ‘क’. बंगळुरूच्या मराठी मुलाने एकदा बोटांना वळण लावले, तर मातृभाषा आणि शेजारधर्माची भाषा दोन्ही हाती येतात.

फाइल पाठवितानाही असाच विवेक हवा. जवळच्या उपकरणाला फाइल देण्याची सोय सर्वांसाठी खुली ठेवू नये. परिचितांपुरती ठेवावी आणि स्वीकारण्यापूर्वी पाठविणाऱ्याचे नाव पाहावे. लेख जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल आणि समोरच्या उपकरणात तो फॉन्ट नसेल, तर फाइल पोहोचते, पण मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे क्रमांक आहेत. त्यात टंकलेले मराठी सर्जापूर रोडवर जसे दिसते, तसेच अमळनेरलाही दिसते.

त्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकविताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. शाई आणि कागद एवढेच साधन. परंतु मुलांना सांगण्याजोगे त्यांच्यापाशी रोज काही असे आणि ते मुलांच्या भाषेत असे. आजच्या मुलांपाशी साधनांची वाण नाही. त्यांनी आज घरी गेल्यावर टॅबलेटवर मराठी मांडणी निवडावी आणि आजीला देवनागरीत चार ओळी लिहाव्यात. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल. आजी ते समजून घेईल आणि उत्तरही देईल.