लोकप्रतिनिधीचे दप्तर
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यकारी मंडळाने गतवर्षी आम्हां तिघांवर एक काम सोपविले होते. आपल्या ज्ञातीतील एक ज्येष्ठ सभासद तीन वेळा विधानसभेवर निवडून गेले व आता वयोमानाने सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले आहेत. निवृत्तीनंतरही आपण सर्व त्यांना आमदारसाहेब असेच म्हणतो. त्यांचे नाव येथे घेऊ नये अशी त्यांची आज्ञा असल्याने आम्हीही तेवढेच म्हणू. त्यांनी आपले सर्व कागदपत्र विद्यापीठाच्या ग्रंथालयास देण्याचे ठरविले. ते माळ्यावरून उतरवावयाचे, त्यांची यादी करावयाची व ग्रंथालयाच्या स्वाधीन करावयाचे, एवढेच आमचे काम. महिन्याभराचे म्हणून हाती घेतलेले हे काम सात महिने पुरले. त्यात जे पाहिले व शिकलो, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

अकरा पत्र्याच्या पेट्या, दोन गोणी आणि एक भिंतीतले कपाट, असे हे दप्तर. विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांच्या नकला, दौऱ्याच्या वह्या, निवडणुकीची पत्रके, पाझर तलावांचे नकाशे, दुष्काळी कामावरील मजुरांचे अंगठे उठविलेले अर्ज, आणि ह्या सर्वांत मिसळलेल्या लग्नपत्रिका व दवाखान्याच्या चिठ्ठ्या. एक पेटी वाळवीने पोखरली होती. घराची रंगसफेदी निघाली तेव्हा एक गोणी रद्दीवाल्यास गेल्याचेही चौकशीअंती समजले. त्यात कोणाचे काय गेले, हे आता कधीच कळणार नाही. घरच्या मंडळींस दोष देण्यात अर्थ नाही; जुना कागद म्हणजे अडगळ, हीच आपणां सर्वांची समजूत आहे.

कोणी विचारील, राजकारणी पुरुषाचे भाषण वर्तमानपत्रात आले, कायदा राजपत्रात आला, मग ह्या चिटोऱ्यांचे महत्त्व ते काय? ह्यास बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर ह्यांचे उदाहरण पुरेसे आहे. जयकर हे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तेथील ग्रंथालय आजही त्यांचेच नाव धारण करून आहे. त्यांनी आपले आत्मचरित्र इंग्रजीत दोन खंडांत लिहिले. त्यांतील दुसरा खंड १९२५ पाशी थांबतो, आणि १९५९ च्या मार्च महिन्यात तर लेखकच निवर्तले. परंतु त्यांच्या आयुष्यातील मोठे प्रसंग त्यापुढचेच आहेत. १९३० साली कायदेभंगाची चळवळ ऐन भरात असता त्यांनी व सर तेजबहादूर सप्रू ह्यांनी येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींची आणि नैनीच्या तुरुंगात मोतीलाल व जवाहरलाल नेहरूंची भेट घेऊन तडजोडीची खटपट केली. ती त्या वेळी फसली. पुढे गांधी-आयर्विन करार, गोलमेज परिषदा, १९३७ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायासन, ह्यांतले काहीच आत्मचरित्रात आले नाही. जयकरांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत, म्हणूनच अभ्यासकांस तो काळ त्यांच्या बाजूनेही वाचता येतो. पुस्तक जेथे संपले, तेथून पुढे कागदांनीच साक्ष दिली.

आता आमच्या चुका सांगतो. आम्ही उत्साहाने कागदांचे विषयवार ढीग लावू लागलो: शेती एकीकडे, शाळा दुसरीकडे. पाकिटे निरुपयोगी म्हणून टाकीत होतो. ग्रंथालयातील बाई पाहण्यास आल्या, त्यांनी आमचा हातच धरला. ज्या क्रमाने मालकाने कागद लावले, तो क्रम हीसुद्धा माहिती होय. कोणत्या पत्रामागे कोणते पत्र होते ह्यावरून हेतू कळतो, आणि तारीख नसलेल्या पत्राची तारीख पाकिटावरील शिक्क्यातच असते, हे त्यांनी समजाविले. गंजलेल्या टाचण्या कागद खातात म्हणून त्या काढावयाच्या. फाटलेल्या जागी चिकटपट्टी मात्र कधीही लावावयाची नाही, कारण तिचा डिंक कालांतराने कागद पिवळा व ठिसूळ करितो. फॅक्सच्या गुळगुळीत कागदावरील अक्षरे वर्षागणिक पुसट होत जातात; त्यांची साध्या कागदावर लगेच नक्कल काढावयाची. अशा प्रत्येक पेटीस क्रमांक देऊन यादी झाली. सरकारी कचेरीच्या म्हणून ज्या चार नस्त्या चुकून घरी राहिल्या होत्या, त्या त्या कचेरीस परत केल्या. त्या ना साहेबांच्या होत्या, ना आमच्या.

इतके सर्व सुरळीत झाले. अडचण आली ती सातव्या पेटीत.

त्या पेटीत शिफारशींसाठी आलेली पत्रे होती. कोणास बदली हवी, कोणास नोकरी, कोणास सिमेंटचा परवाना. त्यांतील पुष्कळ आपल्याच ज्ञातीची होती, आणि त्यांत एक पत्र आपल्या ह्या संघाचे होते. वसतिगृहासाठी जागा मागण्याचा अर्ज संघाने केला, त्यापूर्वीच दुसऱ्या एका समाजाचा अर्ज दाखल झाला होता. तो मागे ठेवून आपला पुढे घ्यावा, ज्ञातीच्या माणसाने एवढे ज्ञातीसाठी करावे, असा त्या पत्राचा आशय. समासात साहेबांच्या हस्ताक्षरात शेरा आहे: ‘ज्याचा अर्ज आधी, त्याचा विचार आधी.’ वसतिगृहास पुढे जागा मिळाली ती क्रमानेच मिळाली. परंतु मधल्या काळात साहेबांस संमेलनाचे निमंत्रण गेले नाही, हे आपल्यांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. आजवर आपल्या स्मरणिकांतून वसतिगृहाचा जो इतिहास छापला गेला, त्यात ही हकीकत नाही. पत्राखाली पाच सह्या आहेत, आणि त्यांतील एक आम्हां तिघांपैकी एकाच्या वडिलांची आहे.

ते पत्र काढून घ्यावे असे मंडळातील काही ज्येष्ठांनी सुचविले. ज्ञातीची अब्रू विद्यापीठाच्या कपाटात कशासाठी ठेवावी, असा त्यांचा प्रश्न होता, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही मन त्या बाजूस झुकले होते. आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे दुसरी पेटी उघडावयास सांगितली. तीत त्यांच्या एका भाच्याच्या नोकरीसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या पत्राची नक्कल होती. ते म्हणाले, “हेही जाणार आहे. तुमचे तेवढे वाईट ठेवले आणि माझे तेवढे काढले, तर ती फिर्याद होईल; आणि दोघांचेही काढले, तर ते मानपत्र होईल. मानपत्रे माझ्याकडे पुष्कळ आहेत.”

दोन्ही पत्रे जागच्या जागी राहिली. ज्यांच्या वडिलांची सही होती त्यांनीच ते पत्र यादीत आपल्या हाताने नोंदविले.

ह्याचा अर्थ सर्वच कागद सर्वांस खुले करावेत असा नव्हे. एका विधवा भगिनीने सासरच्या जाचाविषयी लिहिलेले पत्र त्याच पेटीत निघाले. अशा पत्रांची वेगळी पाकिटे करून ठराविक मुदतीपर्यंत ती कोणास दाखवू नयेत, असा करार ग्रंथालयाशी झाला आहे. शिवाय पत्राचा कागद ज्यास मिळाला त्याचा असला, तरी मजकुरावरील हक्क लिहिणाराचा व त्याच्या वारसांचा राहतो. तो छापावयाचा तर त्यांची संमती लागते. बंद ठेवणे आणि जाळणे ह्यांत मोठे अंतर आहे. बंद ठेवलेले उद्या उघडता येते.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडात १९९५ साली चर्चिल ह्यांच्या दप्तराचा मोठा भाग राष्ट्रासाठी विकत घेण्यास सव्वा कोटी पौंड मोजावे लागले, तेही सार्वजनिक लॉटरीच्या पैशातून. आणि जे सरकारी कामाचे कागद, त्यांचे मोल लोकांनी का द्यावे, असा गदारोळ तेथे उठला. ते कागद केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात आहेत. आमदारसाहेबांनी एक पैसाही मागितला नाही. “लोकांनी मला पत्रे लिहिली, ती लोकांसच परत करतो,” एवढेच ते म्हणाले.

सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे. आपल्या घरी कोणी नगरपालिकेत, लोकल बोर्डात, सहकारी संस्थेत अगर विधिमंडळात काम केलेले असेल, तर त्यांचे कागद रद्दीत देण्यापूर्वी एकदा जवळच्या ग्रंथालयास विचारावे. कागद निवडून देऊ नयेत, असतील तसे द्यावेत. आणि वडील मंडळी हयात आहेत तोवर पत्रातील माणसे कोण, हे त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावे. आमच्या यादीत पाऊणशे नावांपुढे ‘ओळख पटली नाही’ असे लिहावे लागले आहे.

आमदारसाहेबांची प्रकृती अलीकडे बरी नसते. शेवटची पेटी निघाली त्या दिवशी ते दारापर्यंत चालत आले व रिकाम्या माळ्याकडे पाहून म्हणाले, “आता घर मोकळे झाले.” त्या पेट्यांत आपल्या संघाचेही एक पान आहे. ते आपण स्वखुशीने तेथे राहू दिले, हे पुढच्या पिढीने वाचावे, इतकीच आमची इच्छा आहे.