दंड आणि औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी स्वयंपाकाकडे असते. यंदा चिटणीसबाईंनी चार शब्द बोलायला उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कायद्यावर बोलणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण हा कायदा मी पुस्तकातून नव्हे, कोर्टाच्या बाकावर बसून शिकले आहे.

माझा धाकटा दीर नाशिकला नोकरीला गेला, असे मी तुम्हांला सांगितले होते. ते खोटे होते. गांजा जवळ सापडला म्हणून पोलिसांनी त्याला धरले होते. दोन वर्षे आम्ही त्याचे व्यसन झाकले. अंगारे धुपारे केले, पण डॉक्टरकडे नेले नाही. लोक काय म्हणतील, ही एकच भीती!

घरात ठरले, गुन्हा कबूल करून दंड भरावा आणि मोकळे व्हावे. मी पाटल्या मोडायला काढल्याही होत्या. तेव्हा सरकारी मोफत मदतीतून मिळालेल्या वकीलबाई म्हणाल्या, "दंड भरून मुलगा घरी न्याल, पण त्याच्याबरोबर व्यसनही घरी येईल. त्यापेक्षा उपचार मागा."

अमली पदार्थांचा कायदा १९८५ सालचा आहे. त्याच्या ३९ व्या कलमात अशी सोय आहे की, गुन्हा शाबीत झालेला माणूस व्यसनी असेल आणि माल अल्प असेल, तर त्याचे वय, वागणूक व प्रकृती पाहून न्यायाधीश त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतात. त्याची संमती मात्र हवी. सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायचे आणि एका वर्षाच्या आत त्याचा अहवाल कोर्टात द्यायचा. अहवाल चांगला असला तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या हमीवर सोडतात. शिवाय ६४-अ कलम आहे. आपण होऊन उपचार पुरे करणाऱ्या व्यसनी माणसावर अल्प मालाचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. अल्प म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्यांसाठी ही वाट नाही, आणि नसावीच.

अमेरिकेत मायामी शहरी १९८९ साली यासाठी निराळे कोर्टच निघाले. तेथे न्यायाधीश व्यसनी माणसाला वरचेवर बोलावून उपचारांची चौकशी करतात. चुकला तर दटावतात, सुधारला तर शाबासकी देतात. आपल्या कल्याणला असे निराळे कोर्ट नाही. पण कायद्यातले दार आपल्याकडे त्याच्याही चार वर्षे आधीपासून आहे. ते आपण ठोठावत नाही, एवढेच.

आम्ही ठोठावले. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. उपचार सुरू असताना दीर एकदा पळून आला. मीच त्याला परत पोहोचवले. त्या दिवशी तो मला "वहिनी, तू वैरीण आहेस" म्हणाला. ते शब्द अजून टोचतात. पुढे अहवाल चांगला आला. आज तो हमीवर आहे, कामाला जातो. पूर्ण बरा झाला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. हा दुखणेकरी फार दिवस जपावा लागतो.

भगिनींनो, आपले पालेगाव बदलले. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, शेजारी नवे आले. पण लाज तीच जुनी आहे. ताप आला तर आपण शेजारणीला सांगतो, हे मात्र लपवतो. कुणाच्या घरी असे दुखणे असेल तर पोलीस दारात येण्याची वाट पाहू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी दूरध्वनी आहे. खटला झालाच तर १९८७ च्या कायद्याने अटकेतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. आणि कोर्टात सोबत कुणी नसेल तर मला हाक मारा. तो बाक माझ्या ओळखीचा आहे.